टोचणी नसलेले मन

वैशाखी पौर्णिमा आली की बुद्धाची आठवण सर्वांना होते. पुढारी संदेश देतात, आम्ही वृत्तपत्रवाले ते छापतो, आणि दुसऱ्या दिवशी रद्दीबरोबर तेही निघून जातात. आमच्या किनाऱ्यावर मात्र बुद्ध वर्षाचे बारा महिने असतो. हॉटेलांच्या स्वागतकक्षांत तो आहे, मसाजाच्या केंद्रांच्या दारात आहे, रस्त्याच्या कडेला मांडलेल्या दुकानांत नुसते मस्तक होऊनही आहे. डोळे अर्धे मिटलेले, ओठांवर मंद स्मित. त्या मुद्रेखाली मनःशांतीचे दरपत्रक लावलेले असते. तीन दिवसांची शांती इतक्या रुपयांना, सात दिवसांची तितक्या रुपयांना, जेवणाखाण्यासह.

परदेशी पाहुण्यांविषयी आमची तक्रार नाही. ते थकून येतात, समुद्र पाहतात, चार दिवस डोळे मिटून बसतात आणि परत जातात. यात कोणाचे काही बिघडत नाही. आमची काळजी घरच्या माणसांविषयीची आहे. रक्तदाब वाढला, झोप उडाली, डॉक्टरांनी ‘ध्यान करा’ म्हणून सांगितले, की आमचा मध्यमवर्गीय गृहस्थ सकाळची वीस मिनिटे बुद्धाच्या नावे काढून ठेवतो आणि उरलेला दिवस जसा होता तसाच चालवतो. महिन्याभराने तो विचारतो, ‘मन काही शांत होत नाही, असे का?’ हा प्रश्न खोटा नाही आणि हास्यास्पद तर मुळीच नाही. तथापि त्याचे उत्तर वीस मिनिटांत सापडणार नाही, ते उरलेल्या दिवसात शोधावे लागेल, असे आम्हांस वाटते. हे आमचे मत आहे म्हणून कोणी ते मानावे असे नाही. परंतु पाली ग्रंथांत या विषयी जे सांगितले आहे ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

अंगुत्तर निकायाच्या दहाव्या निपाताची सुरुवातच एका साध्या प्रश्नाने होते. आनंद बुद्धाला विचारतो की, हे जे कुशल शील म्हणून आपण सांगता त्याचा उपयोग काय, त्यातून मिळते काय? शीलाने स्वर्ग मिळतो, पुण्य लागते, लोकांत मान वाढतो, असे उत्तर कोणत्याही धर्मोपदेशकाने दिले असते. बुद्धाने तसे उत्तर दिले नाही. शीलाचा लाभ ‘अविप्पटिसार’ हा होय, असे त्याने सांगितले. विप्पटिसार म्हणजे केलेल्या कृत्याबद्दल मागाहून मनाला लागणारी रुखरुख. ती नसणे म्हणजे अविप्पटिसार. आनंद पुढे विचारत जातो आणि एकेक पायरी उलगडत जाते. रुखरुख नसली की मनाला प्रसन्नता येते, प्रसन्नतेतून प्रीती उपजते, प्रीतीने देह आणि चित्त निवते, निवलेल्या माणसाला सुख लाभते, आणि सुखी माणसाचे चित्त समाधीत स्थिर होते. यापुढे यथार्थ ज्ञान, वैराग्य आणि विमुक्ती. ज्या शांतीसाठी आज लोक पैसे मोजतात ती या माळेत बरीच पुढे, चौथ्या-पाचव्या मण्याशी आहे. पहिला मणी शीलाचा. आणि शील व शांती यांना जोडणारा दोरा म्हणजे टोचणी नसणे.

किती व्यवहारी उत्तर आहे हे! एखाद्याने धाकट्या भावाचे नाव जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यातून गुपचूप उडवले. भाऊ मुंबईला, त्याला पत्ता नाही. हा गृहस्थ पहाटे पद्मासन घालून श्वास मोजू लागला तर तिसऱ्या-चौथ्या श्वासाला त्याच्या डोळ्यांपुढे काय येईल? तो उताराच येईल. मग तो म्हणेल की आपल्याला ध्यान जमत नाही, एकाग्रता होत नाही, गुरू बदलायला हवा. वास्तविक त्याचे ध्यान उत्तम लागले आहे, फक्त ते त्या कागदावर लागले आहे.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ हा महाग्रंथ रचला. त्याची मांडणीही शील, समाधी आणि प्रज्ञा याच क्रमाने आहे. तेवीस प्रकरणांपैकी शीलाच्या वाट्याला दोनच प्रकरणे आली आहेत हे खरे, पण ती पहिली दोन आहेत. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन मुंबईत विपश्यनेचे पहिले शिबिर घेतले आणि पुढे इगतपुरीला मोठे केंद्र उभे राहिले. त्या दहा दिवसांच्या शिबिरातही साधकाला आरंभी पंचशीलाची प्रतिज्ञा घ्यावी लागते, श्वासाकडे वळायचे ते त्यानंतर. शिबिराहून परतलेली मंडळी मौनाचे, सात्त्विक भोजनाचे, पहाटे चारच्या घंटेचे वर्णन हौसेने करतात. प्रतिज्ञेविषयी मात्र सहसा कोणी बोलत नाही.

आपले शांतपण खरे की खोटे याची परीक्षा कशी करावी? मज्झिम निकायातील ककचूपम सुत्तात यासंबंधी एक गोष्ट आहे. आमच्या मते जातककथांच्या सबंध संग्रहाहूनही ती सरस आहे. श्रावस्तीत वैदेहिका नावाची एक गृहिणी होती. मोठी सौम्य, मोठी विनम्र, मोठी शांत, अशी तिची गावभर कीर्ती. तिच्या घरी काली नावाची दासी होती. काली हुशार, कामसू, आणि तिचे काम नीटनेटके. एके दिवशी कालीच्या मनात आले की, आपल्या मालकिणीच्या ठायी राग मुळातच नाही, की आपण सगळी कामे वेळच्या वेळी उरकतो म्हणून तो बाहेर पडत नाही? पाहू या तर खरे! दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम उशिरा उठली. वैदेहिकेने कारण विचारले. काही नाही, असे काली म्हणाली. मालकिणीच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यानंतरच्या दिवशी काली आणखी उशिरा उठली, तेव्हा कठोर शब्द निघाले. मग ती त्याहूनही उशिरा उठली, आणि सौम्य, विनम्र, शांत वैदेहिकेने दाराचा अडसर काढून तिच्या डोक्यात घातला. रक्ताने माखलेले डोके घेऊन काली शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे गेली आणि म्हणाली की, पाहा हे त्या शांत बाईचे काम! तिथपासून वैदेहिकेची कीर्ती उलटी झाली.

ही कथा बुद्धाने भिक्षूंना सांगितली ती रागाविषयी. अप्रिय बोल कानी पडेपर्यंत पुष्कळ भिक्षू शांत असतात, असा तिचा रोख. पण आम्हांला त्या कथेत आणखी एक गोष्ट दिसते. वैदेहिकेची शांती तिने कमावलेली नव्हती, ती कालीने रोज पहाटे उठून तिला पुरवलेली होती. आपल्यापैकी किती जणांचे शांतपण असे दुसऱ्याच्या जिवावर उभे आहे? चहा वेळेवर येतो, कपडे धुतलेले मिळतात, मुले दंगा करीत नाहीत, कारण कोणी तरी त्यांना आवरते. आपण मात्र ओसरीवर बसून आपल्या स्वभावातील समतोलाचे कौतुक करून घेतो. एखाद्या दिवशी मोलकरीण आली नाही की अर्ध्या तासात घराचा आश्रम मोडतो. त्या मोलकरणीला पगारी रजा नसते हे त्या वेळी कोणाच्या ध्यानात येत नाही.

बुद्धाच्या ध्यानात मात्र ते होते. दीघ निकायातील सिगालोवाद सुत्त हे गृहस्थाच्या धर्मासाठीच आहे. राजगृहातील सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनिशी सहा दिशांना नमस्कार करीत उभा होता, वडिलांनी मरतेसमयी तसे सांगितले होते म्हणून. बुद्धाने त्याला थांबवले नाही, दिशांचा अर्थ बदलून दिला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरुजन, पश्चिम बायकोमुले, उत्तर मित्र, वरची दिशा श्रमणब्राह्मण, आणि खालची दिशा आपल्याकडे राबणारी माणसे. त्यांना नमस्कार करावयाचा तो कसा? झेपेल एवढेच काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, घरी गोडधोड झाले तर त्यातला वाटा द्यावा, आणि वेळोवेळी सुटी द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही मागणी आज कोणाही कामगार संघटनेच्या निवेदनात शोभून दिसेल. डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतली आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या. माणसाने माणसाशी कसे वागावे हेच धम्माचे केंद्र होय, ही भूमिका त्यांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात आग्रहाने मांडली. त्यांच्यावर टीका करणाऱ्यांना ती नवी वाटली. सिगालोवाद वाचलेल्या कोणालाही ती नवी वाटू नये.

त्याच सुत्तात धनाचा नाश करणारी सहा द्वारे सांगितली आहेत, आणि जुगार हे त्यांतले एक. जुगाराचे दोषही सहा. जिंकणाऱ्याने वैर जोडले, हरणाऱ्याला धनाचा शोक, डोळ्यांदेखत संपत्तीची हानी, सभेत त्याच्या शब्दाला किंमत नाही, मित्र आणि सहकारी त्याला तुच्छ लेखतात, आणि त्याला कोणी मुलगी देत नाही. यात नरकाची भीती नाही, पापाचा उच्चार नाही. एखाद्या अनुभवी वकिलाने पक्षकाराला बाजूला घेऊन सांगावे तसे हे बोलणे आहे. मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या नौका गेली कित्येक वर्षे दिव्यांच्या माळा लावून उभ्या आहेत. सरकारे बदलली, आश्वासने बदलली, नौका पाण्यावरच राहिल्या. त्यांच्या करावर राज्याची तिजोरी किती अवलंबून आहे याचा हिशेब विधानसभेत मांडला जातो. त्या सहा दोषांचा हिशेब कोठे मांडला जातो? आणि याच राज्याने किनाऱ्यावर शांतीची केंद्रे म्हणून पर्यटकांना बोलवावे, ही आमची वैदेहिकेची परंपरा म्हणावी लागेल.

आता थोडे घरचे. बुद्धाचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध केवळ शोभेच्या मूर्तीपुरता नाही. डिचोलीजवळ लामगावची गुंफा आहे, कोलवाळ येथे फादर हेरास यांना सापडलेली बुद्धमूर्ती मुंबईच्या हेरास संस्थेत गेली, सोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला आणि तिथेच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पण या सर्वांहून आम्हांला जवळचा वाटतो तो पुण्ण नावाचा भिक्षू. त्याची हकीगत मज्झिम निकायात आहे. तो सुनापरांताला राहावयास निघाला. सुनापरांत म्हणजे अपरांताचा, आपल्या कोकणपट्टीचा भाग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. सोपाऱ्याच्या आसपासचा प्रदेश तो हाच, असा त्यांचा कौल आहे. बुद्धाने त्याला सावध केले की, तिथले लोक मोठे तापट आणि आडदांड आहेत. (हा अभिप्राय आम्ही किनारेवासीयांनी मुकाट्याने स्वीकारावा हे बरे.) ते शिव्या देतील तर काय करशील? हाताने मारीत नाहीत म्हणजे माणसे भली आहेत असे समजेन, हे पुण्णाचे उत्तर. हाताने मारले तर? ढेकळे फेकीत नाहीत हे त्यांचे भलेपण. ढेकळे फेकली तर दांडा नाही, दांडा मारला तर शस्त्र नाही, शस्त्र चालवले तर जीव घेतला नाही. आणि जीवच घेतला तर? देहाला विटून शस्त्र शोधीत फिरणारे काही शिष्य असतात, मला ते न शोधता मिळाले, असे मी समजेन. एवढे ऐकल्यावर बुद्धाने त्याला निरोप दिला. एवढा दम आणि उपशम ज्याच्या ठायी आहे तो सुनापरांतात राहू शकेल, असा निर्वाळा देऊन. त्याच वर्षावासात पुण्णाने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका तिथे तयार केल्या, आणि तिथेच त्याचा अंत झाला.

पुण्णाची ही कसोटी आम्ही स्वतःला लावून पाहिली आणि पहिल्याच पायरीवर नापास झालो, हे कबूल केले पाहिजे. गेल्या आठवड्यात एका वाचकाचे पत्र आले. आमच्या एका अग्रलेखाविषयी होते. भाषा अशी, की छापणे शक्य नव्हते. आम्ही तत्काळ कागद ओढला आणि जे उत्तर लिहिले तेही छापण्याजोगे नव्हते. लिहिताना मोठा आनंद होत होता हे विशेष. रात्री घरी गेल्यावर तो आनंद राहिला नाही. आपले वाक्य कसे बोचरे झाले आहे, त्याच्या जिव्हारी कसे लागेल, याचाच विचार डोक्यात घोळत राहिला, आणि झोप आली नाही. सकाळी येऊन ते उत्तर फाडले. त्या गृहस्थाचे दोन मुद्दे रास्त होते, हे फाडल्यानंतर दिसले. सुदैवाने आम्ही टपालाच्या जुन्या सवयीचे आहोत. तेच उत्तर मोबाइलवरून पाठवायचे असते तर ते रात्रीच गेले असते आणि सकाळपर्यंत शंभर जणांनी पुढे ढकलले असते. असत्य वचनाबरोबरच चहाडी, कठोर बोलणे आणि वायफळ बडबड हीदेखील वाणीची दूषणे म्हणून सुत्तांतून वारंवार सांगितली आहेत. आमच्या धंद्याला ही चारही लागू पडतात.

पुण्ण बाहेरून या किनाऱ्यावर आला. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर जन्मलेला एक माणूस उलट दिशेने बुद्धाकडे गेला. ९ ऑक्टोबर १८७६ रोजी साखवाळला जन्मलेले धर्मानंद कोसंबी. शिक्षण बेताचे, घरच्या माडाच्या बागायतीची देखरेख हा उद्योग. ‘बालबोधमेवा’ या लहान मुलांच्या मासिकात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला आणि त्या माणसाचे चित्त घरात राहिले नाही. १८९९ च्या अखेरीस त्यांनी गाव सोडले. पुणे, काशीचे अन्नछत्र, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश अशी वणवण करीत त्यांनी पाली विद्या मिळवली. पुढे हार्वर्डला जाऊन त्याच ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम केले. घरी पत्नी आणि लहान मुलगी टाकून ते निघाले होते. त्यांच्या गृहत्यागाचे समर्थन आम्ही करणार नाही. त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मकथनातही त्यांनी स्वतःला फारसे सोडलेले नाही. आपल्या चुका, दुबळेपणा, उदास दिवस हे सर्व त्यांनी कसलाही आव न आणता लिहून ठेवले आहे. मराठीत आत्मचरित्रे पुष्कळ झाली. इतके न सजवलेले दुसरे आम्हांला चटकन आठवत नाही.

कलकत्ता विद्यापीठातील चांगल्या पगाराची नोकरी त्यांनी सोडली. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पन्नास रुपये देऊ केले, महाराष्ट्रात राहून ग्रंथ लिहावेत या अटीवर. ते पन्नास त्यांना पुरेसे वाटले, कारण बुद्धाचे विचार मराठी माणसाला मराठीत सांगता येणार होते. १९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा हा पाली पंडित ग्रंथ मिटून शिरोड्याला गेला आणि पुढे तुरुंगवासही भोगून आला. शिरोडे म्हणजे तेरेखोलच्या पलीकडचे गाव, आमच्या उंबरठ्यावरचे. समाधीवर पुस्तक लिहिणाऱ्याने मिठागरात उतरावे याचे त्या वेळी कित्येकांना नवल वाटले असेल. आनंदाच्या प्रश्नाचे उत्तर ज्याला पाठ होते त्याला ते वाटण्याचे कारण नव्हते. अन्याय दिसत असता गप्प राहिल्याची टोचणीही टोचणीच असते. १९४७ च्या जून महिन्यात सेवाग्रामला प्रायोपवेशनाने त्यांचा अंत झाला.

धम्मपदात एकूण ४२३ गाथा आहेत. त्यांत एक गाथा जवळजवळ जशीच्या तशी दोनदा येते, एकदा पंडितवर्गात आणि एकदा दंडवर्गात. पाट काढणारे पाणी वळवतात, बाण करणारे बाण सरळ करतात, सुतार लाकडाला आकार देतात, आणि तसे काही लोक स्वतःला वळण लावतात, असा तिचा आशय. फरक एका शब्दाचा. पहिल्या ठिकाणी ते वळण लावणारे ‘पंडित’ आहेत, दुसऱ्या ठिकाणी ‘सुव्रत’, म्हणजे चांगले व्रत पाळणारे. आम्हांला दुसरा पाठ अधिक आवडतो. पांडित्य सर्वांना साधेल असे नाही. आणि दृष्टान्त पाहा, तिन्ही कारागिरांचे. कोणताही कारागीर आपल्या मालाचा द्वेष करीत नाही. लाकूड वेडेवाकडे आहे म्हणून सुतार त्याच्यावर चिडत नाही. आत्मदमन हा शब्द ऐकताच आपल्याकडे उपासतापास, अंगावर ओढलेले आसूड असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. ते येथे अभिप्रेत नाही.

पाणी वळवणे म्हणजे काय हे आमच्या खाजन शेतीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. खाडीच्या कडेला बांध, बांधात मानस. भरती चढली की पाण्याच्या दाबाने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात आणि खारे पाणी बाहेर राहते. ओहोटीला ती उघडतात आणि शेतातले जादा पाणी खाडीत उतरते. कोणी पहाऱ्याला उभे राहून दार लोटावे लागत नाही. बौद्ध ग्रंथांतील इंद्रियसंवर हा असाच, इंद्रियांच्या दारांवरचा संवर. दार कायमचे बंद करणारा माणूस आपलेच शेत बुडवील, कायमचे उघडे ठेवणारा ते खारवून टाकील. या दाराला आपल्या पूर्वजांनी ‘मानस’ हे नाव कशावरून दिले, त्याची व्युत्पत्ती भाषापंडितांनी शोधावी. शब्दाचा योग मात्र आम्हांला मोठा सुखावून जातो. ज्या गावांत कोणी मासळीच्या लोभाने भरतीच्या वेळी दार अडकवून उघडे ठेवतो तिथले कोरगुटाचे शेत पुढे काही वर्षे पिकत नाही. कारण खारे पाणी ओहोटीबरोबर निघून गेले तरी मीठ मातीत राहते.

धर्मानंदांचे ‘भगवान बुद्ध’ आणि ‘निवेदन’ ही दोन पुस्तके आमच्या गावोगावच्या वाचनालयांच्या फडताळांत असतात, पण त्यांवरची धूळ झटकल्याखेरीज ती हाती येत नाहीत. ‘निवेदन’ लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतील. शाळांची सुटी अजून शिल्लक आहे. ग्रंथपालांनी ती दोन पुस्तके एवढ्या आठवड्यापुरती तरी बाहेरच्या टेबलावर काढून ठेवावीत, अशी आमची त्यांना विनंती आहे.